शाळा उघडायच्या आधी गुरुजींची तयारी : वाडी-तांड्यावरच्या शाळेसाठी कामाची यादी

छावणी (छत्रपती संभाजीनगर), प्रतिनिधी :

गुरुवारी छावणीच्या आठवडी बाजारात गेलो होतो. मृग तोंडावर आलेला. बैलांचे भाव बघावेत आणि दावं-कासरा घेऊन परत फिरावं, एवढंच काम होतं. सुतळीच्या दुकानापुढं ओळखीच्या एक मॅडम दिसल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहेत. पिशवीत सुतळीचा गुंडा, प्लास्टिकचे मणी, किलोभर चिंचोके आणि दोन रबरी चेंडू.

मी म्हटलं, "काय मॅडम, बाजारहाट का?"

त्या हसून म्हणाल्या, "नाही हो भाऊ, शाळेची पेरणी." मणी आणि चिंचोके पहिलीच्या लेकरांना मोजायला, सुतळी लेकरांची चित्रं टांगायला. शाळा उघडायला तेव्हा पंधरा दिवस बाकी होते.

आपण शेतकरी माणसं. पाऊस पडल्यावर कुणी औत शोधत बसत नाही. नांगरट, वखरणी, बियाणं, खत सगळं आधी लागतं, मग वापसा आला की पेरणी. शाळेचंही तसंच आहे. विदर्भ सोडला तर आपल्याकडं शाळा १५ जूनच्या आसपास उघडते. त्या दिवशी फुगे, गुलाबाचं फूल, प्रभातफेरी होते. पण लेकरांचं वर्ष कसं जाणार हे त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या पंधरा दिवसांत ठरतं. म्हणून काही शिक्षकांशी बोलून ही यादी तयार केली. शिक्षकांना कामाला येईल, आणि आपल्या गावच्या शाळेत काय व्हायला पाहिजे हे पालकांनाही कळेल.

वर्ष सगळ्यांचं सारखं नसतं

शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे असं आहे. कागदावर हे सगळ्या लेकरांना सारखंच. पण ज्यांचे आई-बाप ऊसतोडीला जातात त्यांचं काय? दसरा-दिवाळी झाली की कोयता उचलला, ते थेट मार्च-एप्रिलला परत. जूनच्या मध्यापासून धरलं तर अशा लेकराच्या हाती शाळेचे शंभरच्या आतबाहेरच दिवस येतात. त्यातले पहिले पंधरा-वीस दिवस पुस्तकं येणं, वर्ग लावणं आणि नावं लिहिण्यात गेले, तर राहिलं काय?

आमच्या वर्गात चौथीला असाच एक मित्र होता. दिवाळीनंतर गेला, चैत्रात आला. तोवर पुस्तक संपत आलेलं. त्याला मागच्या रांगेत बसवलं, आणि तू कुठवर शिकलास हे कुणी विचारलं नाही. पुढच्या जूनला तो शाळेत आलाच नाही. आजही तो कोयताच चालवतो. त्याची लेक आता तिसरीत आहे. ही यादी लिहिताना तीच पोरगी माझ्या डोळ्यापुढं होती.

१) शाळा उघडण्यापूर्वी : इमारत, पाणी, खिचडी

दीड महिना बंद असलेली शाळा एकदम लेकरांनी भरू नये. किमान आठवडाभर आधी मुख्याध्यापक, एक-दोन पालक आणि ग्रामपंचायतीचा माणूस यांनी मिळून चक्कर मारावी.

- छत आणि पत्रे : उन्हाळी वादळात पत्रे ढिले झालेत का, गळती कुठं आहे ते पाहा. जी खोली धोक्याची वाटते तिला कुलूप लावा आणि तसं लेखी पंचायत समितीला कळवा. तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.
- वीज : ओल्या भिंतीतला बोर्ड, उघडी वायर, तुटलेलं बटण. पाऊस सुरू व्हायच्या आधी वायरमनला दाखवा.
- साप-विंचू : जुने बाक, फाटक्या पोत्यांचा ढीग, भिंतीच्या भेगा, आवारातलं गवत. लेकरांना हात लावू देऊ नका, मोठ्यांनी दिवसाउजेडी काढा.
- पाणी : टाकी घासून धुवा, टीसीएल पावडर ग्रामपंचायतीकडून मागून घ्या. पिण्याच्या आणि वापरायच्या पाण्याचे नळ वेगळे ठेवा.
- संडास : मुलींचा वेगळा, आतून कडी लागणारा आणि पाणी असलेला. सहावी-सातवीच्या मुली शाळा बुडवतात त्यामागं बऱ्याचदा हे एवढंच कारण असतं, फक्त घरी कुणी बोलत नाही.
- खिचडीचा माल : मागच्या वर्षीचा तांदूळ आणि डाळ उन्हात पसरून बघा. किडका किंवा बुरशीचा माल वापरू नका. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवा. गॅसची नळी तपासा.

पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या लेकराला दिवसाला १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीच्या लेकराला १५० ग्रॅम धान्य ठरलेलं आहे. वाढण्याआधी शिक्षकासह मोठ्या माणसांनी चव घ्यायची हाही नियम आहे. चव कोण घेणार त्याची आठवड्याची पाळी जूनमध्येच लावून भिंतीवर चिकटवा. त्यात पालकांचीही नावं टाका.

२) यादी घेऊन घरोघरी

गावात दाखल व्हायची किती लेकरं आहेत हे अंगणवाडी ताईंच्या रजिस्टरमध्ये असतं. ते आणि शाळेचं रजिस्टर शेजारी ठेवून यादी करा. आपल्या राज्यात ३१ डिसेंबरपर्यंत ६ वर्षं पूर्ण होणारं लेकरू पहिलीत बसतं.

त्यानंतर घरभेटी. शेतवस्ती, वीटभट्टी, रस्त्याच्या कामावरची पालं, मेंढपाळांचा वाडा, सगळीकडं. सकाळी लवकर किंवा दिवे लागणीला गेलं तरच माणूस भेटतो. दुपारी सगळे वावरात.

पालकांनी आणि शिक्षकांनीही हे लक्षात ठेवावं :

- जन्माचा दाखला नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.
- आधीच्या शाळेची टीसी यायला उशीर झाला म्हणूनही लेकराला बाहेर ठेवता येत नाही.
- नऊ-दहा वर्षांचं लेकरू कधीच शाळेत गेलं नसेल तरी त्याला वयाप्रमाणं वर्ग द्यायचा, आणि मागचं भरून काढायला वेगळं शिकवायचं. पहिलीच्या चिमुकल्यांत बसवलं की ते लाजून पळून जातं.

हे सगळं २००९ च्या कायद्यात आहे. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे.

पहिलीसाठी राज्यात २०२२ पासून 'पहिले पाऊल' नावाचं शाळापूर्व तयारी अभियान होतं. एक मेळावा एप्रिलमध्ये, दुसरा जूनमध्ये. लेकराला उड्या मारता येतात का, रंग ओळखता येतात का, गोष्ट ऐकून सांगता येते का हे खेळातून बघतात, आणि मधल्या सुट्टीत आयांच्या गटांनी घरी काय करून घ्यायचं ते सांगतात. फोटो काढून मेळावा संपवू नका. त्यातलं कार्ड पहिलीच्या वर्गशिक्षकाच्या टेबलावर असू द्या.

३) कागद एकदाच, पण नीट

शिक्षकांची सगळ्यात मोठी तक्रार कागदाची. सरल, यू-डायस, आधार, बँक खातं, ॲपवरची हजेरी. ही तक्रार खोटी नाही. यावर अनुभवी गुरुजींचा उपाय असा : जूनच्या पहिल्या पालकसभेच्या दिवशीच सगळ्यांना कागद घेऊन बोलवायचं आणि एका बैठकीत काम उरकायचं. नंतर रोज एकेका कागदासाठी तास मोडायचा नाही.

एक गोष्ट मात्र घाईत करू नका. लेकराचं नाव, आईचं नाव, आडनाव आणि जन्मतारीख जनरल रजिस्टरला जन्माच्या दाखल्याप्रमाणं अक्षर न् अक्षर बघून लिहा आणि पालकाला वाचून दाखवा. लाडाचं नाव रजिस्टरला चढलं, आधारवर दुसरं असलं, की दहावीला, जातीच्या दाखल्याला, शिष्यवृत्तीला घोळ होतो. शाळा सुटल्यावर ही दुरुस्ती करायला फार चकरा पडतात.

पहिली ते आठवीची पुस्तकं समग्र शिक्षा अभियानातून फुकट मिळतात. ती केंद्रशाळेवरून आणून वर्गवार गठ्ठे आधीच बांधून ठेवा. कमी पडली तर बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफ आहे, तोवर मोबाइलवर चालतं.

४) पहिले पंधरा दिवस : लेकरू कुठं आहे ते बघा

या यादीतलं हे सगळ्यात मोठं काम. बऱ्याच वर्गांत पहिल्या दिवशी "पान नंबर १ काढा" होतं. तिसरीचं पुस्तक तिसरीच्या वर्गात, बरोबरच वाटतं. पण वर्गातल्या अर्ध्यांना पहिलीचा उतारा वाचता येत नसेल तर ते पुस्तक त्यांच्यासाठी बंदच आहे. मातीची तपासणी न करता खत टाकल्यासारखं.

तपासणी अवघड नाही. 'प्रथम' संस्था २००५ पासून 'असर' नावाची पाहणी करते, त्याच धर्तीवर प्रत्येक लेकराला पाच-सात मिनिटं एकट्याला जवळ बसवा.

वाचन :
- सुटी अक्षरं ओळखतं का?
- साधे शब्द वाचतं का?
- चार ओळींचा सोपा उतारा वाचतं का?
- आठ-दहा ओळींची गोष्ट वाचून अर्थ सांगतं का?

गणित :
- १ ते ९ ओळखतं का?
- १० ते ९९ ओळखतं का?
- हातच्याची वजाबाकी जमते का?
- भागाकार जमतो का?

जिथं अडलं तिथं थांबा. लाल शेरा नको, ओरडणं नको. एका वहीत नावापुढं ती पायरी आणि तारीख लिहा. ४० लेकरांचा वर्ग असला तरी रोज आठ धरले तर पाच दिवसांत होतं.

मग गट पाडा. रोज एक तास इयत्ता विसरून पायरीप्रमाणं बसवा. अक्षरावर अडलेलं चौथीचं लेकरू आणि दुसरीचं लेकरू एका गटात आलं तरी चालतं. बाकीचे तास नेहमीप्रमाणं इयत्तेचे. ऑगस्टच्या १५ तारखेच्या आसपास पुन्हा तपासा, गट बदला.

केंद्र सरकारनं ५ जुलै २०२१ ला 'निपुण भारत' सुरू केलं, त्याचं उद्दिष्टही हेच : २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक लेकराला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं. कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कामं दिली आहेत. प्रत्येक लेकराची शिकण्याची कुवत बघून जिथं कमी पडतं तिथं जादा शिकवणं हे त्यात स्पष्ट आहे.

याच पंधरा दिवसांत डोळे आणि कानही बघा. मागच्या रांगेतून फळ्यावरचं वाचता येत नाही, किंवा पाठमोरं हाक मारल्यावर वळत नाही, असं लेकरू कधी कधी उगाच "ढ" ठरतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. ते कधी येणार हे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारून ठेवा आणि शंका असलेल्या लेकरांची नावं आधी लिहून ठेवा.

५) घरची बोली, शाळेची भाषा

कन्नड, सोयगाव भागात बंजारा तांडे आहेत, भिल्ल वस्त्या आहेत. शहराकडं आणि मोठ्या गावांत घरी उर्दू-हिंदी बोलणारी लेकरं आहेत. घरात एक बोली आणि शाळेत पुस्तकी मराठी. अशा लेकराला पहिले काही दिवस शिक्षक काय म्हणतात तेच कळत नाही. ते गप्प बसतं, आणि आपण म्हणतो त्याला काही येत नाही.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी सगळ्यांना माहीत आहेत. २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. क्यूआर कोडची पुस्तकं सगळ्यांना आठवतात, पण त्याआधीची गोष्ट महत्त्वाची : त्यांच्या शाळेतली लेकरं घरी कन्नड बोलणारी होती, म्हणून गुरुजी आधी स्वतः कन्नड शिकले.

आपल्याला सगळी भाषा शिकायला नको. पाणी, भूक, बस, ये, दुखतंय, घरी जायचंय, आई, दादा, असे ५०-६० शब्द वस्तीवरच्या आजीकडून लिहून घ्या. पहिल्या दिवशी "पाणी पाहिजे का?" हे लेकराच्या बोलीत विचारलं तरी त्याची भीती मोडते.

लेकरांना काय शिकायचंय हेही विचारा. आपल्याच जिल्ह्यातल्या गाडीवाटच्या जिल्हा परिषद शाळेत २०१९ मध्ये मुलांना विचारलं, कोणती परदेशी भाषा शिकायची? बहुतेकांनी जपानी सांगितली, कारण त्यांना रोबोट आवडत होते. आणि शाळेनं जपानी सुरू केली.

६) दोन गुरुजी, चार वर्ग

कायद्याप्रमाणं पहिली ते पाचवीला ६० पटापर्यंत दोन शिक्षक. म्हणजे वाडीवरच्या शाळेत एका शिक्षकाकडं दोन-तीन वर्ग येणारच. तिथं वेळापत्रक जूनमध्येच बसवलं नाही तर वर्षभर एक वर्ग शिकतो आणि दुसरा गोंगाट करतो.

- एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला हातातलं काम द्या : चिंचोक्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, चित्रावरून पाच वाक्यं, जोडीनं वाचन.
- अशा कामाची २०-२५ कार्डं सुट्टीतच करून ठेवा. जुन्या लग्नपत्रिकांच्या मागं लिहिलं तरी चालतं.
- फरशीवर अंक, अक्षरं, नकाशा ऑइलपेंटनं रंगवून घ्या. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळा अशा कामामुळं राज्यभर गाजल्या, शिक्षक बघायला जायचे.
- मोठ्या वर्गातलं एक लेकरू लहान्याच्या जोडीला द्या. मात्र रोज तेच नको, त्याचंही शिक्षण आहे.

७) वर्षाचं कॅलेंडर गावाप्रमाणं

सरकारी सुट्ट्यांच्या यादीशेजारी गावाचं कॅलेंडर लिहा.

- जून-जुलै : पेरणी, खुरपणी. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला घरी राहते. धाकटं अंगणवाडीत बसेल अशी सोय ताईंशी बोलून करा.
- ऑगस्ट : १० तारखेच्या आसपास जंतनाशक गोळी. पोळ्याच्या आगेमागे हजेरी कमी.
- सप्टेंबर : १७ तारखेला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना शाळेत बोलवा, निजामाच्या काळाचं त्यांनी काय ऐकलं ते लेकरांनी लिहून काढावं.
- ऑक्टोबर : कापूस वेचणी सुरू. मुलींची हजेरी घसरते. महत्त्वाचा धडा या दिवसांत ठेवू नका.
- बाजाराचा वार : त्या दिवशी उजळणी आणि खेळ ठेवा.

पाचवीच्या लेकरांचे नवोदयचे फॉर्म वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत भरायचे असतात. आपल्या जिल्ह्याचं नवोदय विद्यालय कन्नडला आहे. आठवीला एनएमएमएस परीक्षा आहे. त्यात निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. तारखा आल्या की फळ्यावर लिहा, व्हॉट्सॲपवर टाका.

८) ऊसतोडीच्या लेकरांसाठी दसऱ्याच्या आधी

हे काम दिवाळीनंतर सुरू केलं तर हातात काही राहत नाही.

- ऑगस्टमध्येच विचारा : यंदा कोण जाणार, लेकरू नेणार की ठेवणार, घरी आजी-आजोबा आहेत का?
- जी राहू शकतात त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव. त्याला यादी लागते, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव लागतो. आधी पाठवला तर हंगाम सुरू होताना मंजुरी हाती असते.
- जी जाणारच त्यांना शिक्षण हमी कार्ड द्या. त्यावर वर कलम ४ मध्ये लिहिलेली वाचन-गणिताची पायरी लिहा, म्हणजे कारखान्याजवळची शाळा तिथूनच पुढं शिकवेल. पुस्तकं सोबत बांधून द्या. मुकादमाचा आणि पालकाचा फोन नंबर वहीत ठेवा, महिन्यातून एकदा फोन करा.
- परत आल्यावर पुन्हा ती पाच मिनिटांची तपासणी. मागच्या रांगेत बसवू नका.

हे काही आजचं नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला आदिवासी लेकरं गुरं राखायला जायची म्हणून शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा म्हणायचे. लेकरू जिथं आहे तिथं शाळा गेली.

९) पालक आणि समिती

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला पाहिजेत. सही घ्यायला घरी रजिस्टर पाठवायचं, ही पद्धत बंद करा. जूनच्या बैठकीत तीनच विषय घ्या : इमारत-पाणी, लेकरांच्या पायऱ्या, स्थलांतर. कुठल्या वर्गात किती लेकरांना वाचता येतं हे आकडे नावं न घेता समितीपुढं ठेवा. आपलं लेकरू कुठं आहे हे त्याच्या आई-बापालाच सांगा, चारचौघांत नाही.

मारणं आणि अपमान करणं या दोन्हीला कायद्यात बंदी आहे. घरूनही "गुरुजी, दोन फटके द्या" असं सांगू नका.

पहिल्या दिवसाआधी एकदा बघा

१. पाणी, संडास, वीज, छत बघितलं
२. तांदूळ-डाळ तपासली, चव घेणाऱ्यांची पाळी लावली
३. दाखलपात्र यादी अंगणवाडीशी जुळवली
४. घरभेटी झाल्या
५. पुस्तकांचे गठ्ठे बांधले
६. तपासणीची वही आखली
७. वस्तीवरच्या बोलीचे शब्द लिहिले
८. वर्गकामाची कार्डं तयार
९. गावाचं कॅलेंडर भिंतीवर

छावणीच्या बाजारातून निघताना मॅडमला विचारलं, एवढं सगळं एकट्या माणसानं कसं करायचं? त्या म्हणाल्या, "सगळं जमत नाही भाऊ. पण तपासणीची वही आणि घरभेट, ही दोन सोडत नाही. दिवाळीत निघून जाणारं लेकरू माझ्याकडं चारच महिने असतं."

माझ्या त्या मित्राला फोन करून सांगितलंय, यंदा जायच्या आधी लेकीचं हमी कार्ड शाळेतून मागून घे. तुमच्या ओळखीत कुणी कोयत्यावर जाणारं असेल तर त्यांनाही सांगा. यादी गावच्या आणि शाळेच्या ग्रुपवर टाका.